दीर्घ सफरीसाठी शिडाची नौका सज्ज करताना

शनिवार-रविवारच्या फेरीसाठी वापरली जाणारी शिडाची नौका आणि आठवडेच्या आठवडे किनाऱ्यापासून दूर राहणारी नौका दिसायला एकसारख्याच असतात; फरक असतो तो काही मोडल्यावर काय करता येते, याचा. पहिलीवर काही बिघडले तर संध्याकाळपर्यंत धक्क्याला लागून कारागिराला बोलावता येते. दुसरीवर कारागीर आपणच असतो आणि सुटे भाग म्हणजे निघताना जे बरोबर घेतले तेवढेच. आम्ही नवरा-बायकोने आमची ३४ फुटी, फायबरग्लासची जुनी नौका महासागर ओलांडण्यासाठी तयार करायला घेतली, तेव्हा ती नवीकोरी दिसावी अशी आमची इच्छाही नव्हती आणि ऐपतही नव्हती. तिच्यावरचा प्रत्येक महत्त्वाचा भाग आपल्याला दिसला पाहिजे, त्याच्यापर्यंत आपला हात पोहोचला पाहिजे आणि तो आपल्याजवळच्या हत्यारांनी दुरुस्त करता आला पाहिजे, एवढीच कसोटी लावायची असे आम्ही ठरवले.

कामांची पहिली यादी सुचेल तशी लिहिली होती. तिच्यात वार्निश उडालेले कठडे, गळणारी खिडकी, न लागणारा दिवा आणि सुकाणूचे खिळखिळे बेअरिंग एकाखाली एक सुखाने नांदत होते. ती बाजूला ठेवून नवी यादी तीन भागांत केली: जे निकामी झाल्यास नौका बुडेल, जे निकामी झाल्यास नौका पुढे जाऊ शकणार नाही, आणि जे निकामी झाल्यास फक्त चिडचिड होईल. नौका पाहायला येणारी मंडळी बहुतेक सल्ले तिसऱ्या भागाबद्दल देतात आणि खरे सांगायचे तर काम करायला मजाही त्यातच जास्त येते. म्हणून पहिला भाग संपेपर्यंत वार्निशच्या डब्याला हात लावायचा नाही, असा नियमच घालून घेतला.

क्रेनने उचलून नौका पाण्याबाहेर ठोकळ्यांवर ठेवली, दाबाच्या पाण्याने तळ धुतला आणि चिकटलेले बार्नेकल, म्हणजे कवचाचे सागरी जीव, पात्याने खरवडून काढले. तळ ओला असतानाच त्याच्यावर तिरकस प्रकाश टाकून पाहणे चांगले, कारण फायबरग्लासमध्ये पाणी मुरून आलेले फोड सुकल्यावर दबतात आणि नजरेतून सुटतात. आमच्या नौकेला असे काही फोड होते. ते उघडल्यावर आतून आंबूस वासाचे चिकट पाणी आले. ती जागा घासून, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन, पुरती सुकू देऊन इपॉक्सीने भरली. जुनी नौका विकत घेणारे या फोडांना फार घाबरतात, पण फोडांमुळे बुडालेली नौका निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. नौका बुडते ती तिच्या तळाला माणसांनी मुद्दाम पाडलेल्या भोकांमधून.

इंजिन थंड ठेवणारे समुद्राचे पाणी आत घ्यायला आणि बेसिनचे व शौचालयाचे पाणी बाहेर सोडायला ही भोके लागतात आणि प्रत्येकावर सीकॉक, म्हणजे बंद करता येणारी झडप, बसवलेली असते. आम्ही प्रत्येक सीकॉक सोडवून हातात घेतला. सुरीच्या टोकाने खरवडल्यावर चांगले ब्राँझ पिवळसर तपकिरी चमकते. बेसिनखालच्या झडपेचे आटे खरवडले, तर ती जागा गुलाबी निघाली. आधीच्या कोणीतरी तिथे साधे पितळ बसवले होते. पितळात तांब्याबरोबर जस्त असते. समुद्राच्या पाण्यात ते जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. त्याचा आकार जसाच्या तसा राहतो, वरून हिरवट रंगही नेहमीसारखाच दिसतो, पण पान्याचा थोडा जोर लागला की तो बिस्किटासारखा तुटतो. आमची झडप तशीच तुटली आणि ठोकळ्यांवर तुटली हे बरेच झाले.

५० मिलिमीटर व्यासाचे भोक पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या मीटरवर उघडे पडले, तर मिनिटाला सुमारे २०० लिटर पाणी आत येते. बिल्जमध्ये, म्हणजे नौकेच्या आतल्या तळाशी, साचलेले पाणी उपसणाऱ्या पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा सहसा पाणी वर न चढवता मोजलेला असतो. नळीची वळणे आणि चढ जमेस धरले, की प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ कमी पाणी बाहेर पडते. म्हणून मोठा पंप घेण्याआधी भोके कमी करणे आम्हाला शहाणपणाचे वाटले. जी वापरात नव्हती ती फायबरग्लासचे थर देऊन कायमची बुजवली. उरलेल्यांवर ब्राँझच्या झडपा बसवल्या, नळीच्या प्रत्येक टोकाला दोन-दोन क्लॅम्प आवळले आणि झडपेशेजारी त्या मापाची निमुळती लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवली. एक झडप पक्क्या बसवलेल्या बिछान्याखाली होती, तिच्यासाठी प्लायवुड कापून झाकण केले. मग रात्री दिवा न लावता प्रत्येक झडप बंद करून पाहण्याचा सराव दोघांनीही केला.

कील, म्हणजे नौकेचा तोल सांभाळणारा तळाखालचा जड भाग, आणि तळ यांच्या सांध्यात बारीक चीर दिसत होती. अशी चीर फक्त रंगाची आहे की सांधाच हलतो आहे, हे बाहेरून कळत नाही. बिल्जमधील कीलचे नट एकेक करून साफ केले, त्यांच्याभोवती गंजाचे ओघळ नाहीत याची खात्री केली आणि ठरलेल्या जोराने आवळून पाहिले. २०१४ मध्ये ‘चीकी रफिकी’ ही नौका उत्तर अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली आणि तिच्यावरचे चौघेही गेले. ती घटना डोक्यात असल्यामुळे, तळ पूर्वी कधी खडकाला लागल्याच्या खुणा आहेत का आणि आतली चौकट तळाला जिथे जोडली आहे तिथे ती सुटू लागली आहे का, हे पाहण्यात आम्ही बराच वेळ घातला. चीर अखेर भरणीच्या थराचीच निघाली.

सुकाणूचे पाते खालच्या टोकाला धरून हलवले, तर ते मूळ जागी डुगडुगत होते. बेअरिंगमधले झिजलेले बुश बदलले. चाकाची तार तुटल्यास सुकाणू थेट फिरवण्यासाठी जो आपत्कालीन दांडा दिलेला असतो, तो आमच्याकडे अगदी कोऱ्या अवस्थेत होता, पण तो ज्या खुंटावर चढवायचा त्यावरचे डेकमधले झाकण वर्षानुवर्षे न उघडल्यामुळे जाम झाले होते. ते मोकळे करून ग्रीस भरले, दांडा बसवून पाहिला आणि झाकणाची चावी त्याच दांड्याला बांधून टाकली.

रंगाविषयी थोडक्यात सांगते. जीव चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगात आज प्रामुख्याने तांब्याचे संयुग असते. कथिलाचे जे अत्यंत प्रभावी संयुग पूर्वी वापरत, ते शिंपल्या-गोगलगायींसारख्या सागरी जीवांना घातक ठरल्यामुळे त्यावरची आंतरराष्ट्रीय बंदी २००८ पासून अमलात आहे. पहिला हात एका रंगाचा आणि वरचे हात दुसऱ्या रंगाचे दिले, म्हणजे पाण्यात बुडी मारून पाहताना पहिला रंग जिथे डोकावेल तिथे थर संपला हे लगेच कळते. पाण्याच्या रेषेजवळ आणि सुकाणूच्या पुढच्या कडेवर झीज अधिक होते, तिथे एक जादा हात दिला. निम्म्याहून अधिक झिजलेले जस्ताचे ॲनोड बदलले आणि त्यांच्यावर रंगाचा थेंबही पडू दिला नाही. रंग लागलेला ॲनोड इतर धातूंऐवजी स्वतः झिजण्याचे त्याचे एकमेव काम करू शकत नाही.

सर्वांत जास्त वेळ डोलकाठीच्या तारांनी घेतला. डोलकाठी बाहेरून भक्कम दिसते, पण ती उभी असते ती चारी बाजूंनी ताणलेल्या तारांमुळे, आणि त्यांपैकी एका तारेच्या टोकाची एक पिन निघाली तर सगळे काही क्षणांत पाण्यात जाते. आमच्यात माझे वजन कमी, म्हणून वर मी आणि खाली विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चाकावर, नवरा, अशी वाटणी आपोआप झाली. बसायच्या झुल्याला दोन स्वतंत्र हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचे दोर, गाठ मारून बांधले. झटक्यात उघडणारे हूक माणसाला वर नेण्यासाठी वापरायचे नाहीत, याबाबत आम्ही दोघेही हट्टी आहोत. हत्यारे दोरीने कमरेला बांधली होती. भिंग, चिंधी आणि कॅमेरा घेऊन वरून खाली येत प्रत्येक जोड पाहिला. तारेवरून चिंधी फिरवली की तुटलेला धागा तिच्यात अडकतो. हाताने असे तपासायला गेल्यास बोट फाटते.

ही तार स्टेनलेस स्टीलचे १९ जाड धागे पिळून केलेली असते. तिच्या टोकाला प्रचंड दाबाने चेपून बसवलेली नळी हा तिचा नाजूक भाग आहे, आणि त्यातही खालचे टोक अधिक नाजूक, कारण तारेवरून ओघळणारे खारे पाणी त्या नळीच्या तोंडात साचून राहते. डोलकाठीच्या उजव्या बाजूच्या एका तारेच्या खालच्या नळीवर मला अतिशय बारीक उभी रेघ दिसली. नखाला ती लागत नव्हती. जागा साफ करून तिच्यावर चिरेत शिरणारा लाल रंग लावला, थोडा वेळ मुरू दिला, पुसून काढला आणि वर पांढरी भुकटी फवारली. काही मिनिटांत त्या पांढऱ्यावर लाल रेघ उमटली आणि ती आम्हाला आधी दिसली होती त्याच्या दुपटीहून लांब होती. तारा दहा-बारा वर्षांनी बदलाव्यात असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. आमच्या तारा किती जुन्या आहेत याची नोंदच कोणी ठेवली नव्हती. एक रेघ सापडल्यावर बाकीच्या तारांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता, तेव्हा डोलकाठी उतरवून सगळ्याच तारा बदलायचे ठरवले.

नव्या तारांना चेपलेल्या नळ्या न लावता पान्याने उघडता-जोडता येणारी टोके लावली. ती महाग आणि जड असतात, परंतु समुद्रात तार तुटली तर दोन पाने आणि टोकाच्या आत बसणारा नवा धातूचा शंकू एवढ्यावर तिचे टोक आपल्याला पुन्हा करता येते, हा फायदा आम्हाला किमतीहून मोठा वाटला. सर्वांत लांब तारेएवढी एक जादा तार गुंडाळून बरोबर घेतली. या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना खाली जोडलेल्या असतात, त्या डेकमधून आत शिरून कपाटांमागे बोल्टने बसवलेल्या होत्या आणि त्या पाहण्यासाठी चिकटवलेली फळी उखडावी लागली. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यावर तयार होणाऱ्या पातळ थरामुळे. डेकच्या जाडीत, ओलसर भरणीत, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे तो थर टिकत नाही आणि धातू आतून पोखरला जातो. आमच्या दोन पट्ट्यांवर नेमक्या त्याच उंचीला तपकिरी खड्डे होते. नव्या पट्ट्या बसवल्यावर कपाटाच्या फळ्या पुन्हा चिकटवल्या नाहीत, स्क्रूवर ठेवल्या.

शिडांचे कापड तसे ठीक होते. उन्हाने आधी जाते ती शिवण. टाक्यांवर अंगठ्याचे नख जोरात ओढले आणि दोरा तुटला, तर ती शिवण संपली असे समजावे. या परीक्षेत आमच्या मुख्य शिडाच्या वरच्या निम्म्या शिवणी नापास झाल्या. त्या पुन्हा घालून घेतल्या आणि त्याच वेळी तिसरा रीफ, म्हणजे शीड आणखी लहान करण्याची सोय, करून घेतली. वादळी शीड पिशवीतून काढून धक्क्यावर उभारून पाहिले. कोणता दोर कोणत्या कप्पीतून न्यायचा, हे शांत दिवशी ठरवून त्याच पिशवीवर लिहून ठेवले.

डिझेल इंजिनाबद्दल लोकांचा समज असा, की वारा असताना त्याची गरज नाही. प्रत्यक्षात त्याची खरी गरज पडते ती अरुंद बंदरात शिरताना, बहुधा लाटा उसळत असताना, आणि नेमक्या त्याच वेळी ते बंद पडते. कारण सरळ आहे. टाकीत दमट हवेचे पाणी जमते, पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जीव वाढतात, त्यांचा काळा गाळ तळाशी निवांत पडून असतो आणि मोठ्या लाटांनी टाकी घुसळली की तो उठून फिल्टरमध्ये जातो. आमच्या टाकीला तपासणीचे झाकणच नव्हते. डिझेल उपसून टाकीच्या माथ्यावर गोल झाकण कापले आणि हात घालून तळ पुसला. कोपरापर्यंत बुळबुळीत काळी साय चिकटली आणि तो वास पुढे कितीतरी दिवस साबणाला दाद देईना. पुढे दोन फिल्टर शेजारीशेजारी असे बसवले, की एक तुंबल्यास इंजिन न थांबवता झडप फिरवून दुसऱ्यावर जाता यावे. समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पाकळ्यांचे चाक, बदलणे, फिल्टर बदलून नळीतली हवा काढणे, ही कामे दोघांनीही स्वतंत्रपणे, दुसऱ्याने तोंड न उघडता, करून दाखवायची होती. जुन्या इम्पेलरची एक पाकळी तुटलेली सापडली, म्हणून ती पुढच्या नळीत शोधून काढेपर्यंत इंजिन सुरू केले नाही. अशी पाकळी शीतक नळ्यांच्या तोंडाशी अडकून पाणी अडवते.

विजेचा हिशेब कागदावर मांडला, तेव्हा काही हौशी गळून पडल्या. आमच्या ऑटोपायलटला सरासरी ३ अँपिअर धरले, तरी दिवसाला ७२ अँपिअर-तास लागतात. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये हा नियम पाळायचा, तर २०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून वापरायला मिळतात जेमतेम १००. फ्रिज काढून टाकला आणि त्या जागी पिण्याच्या पाण्याचे कॅन बसवले. हा निर्णय सोपा नव्हता, पण थंड पाण्यापेक्षा पाणी अधिक हवे यावर एकमत झाले. सुकाणू धरण्यासाठी मागे वाऱ्यावर चालणारे यंत्र लावले. वाऱ्याची दिशा बदलली की त्याचे पाते कलते, त्यामुळे पाण्यातले वल्हे वळते आणि वाहत्या पाण्याचा जोर दोऱ्यांमार्फत सुकाणू ओढतो. त्याला वीज लागत नाही, ते कंटाळत नाही आणि त्याचा प्रत्येक सांधा उघड्यावर आहे. तळाजवळच्या तारांचे काळे पडलेले जोड कापून कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची तार घातली.

स्वयंपाकाच्या गॅसबाबत इतकेच, की तो हवेहून जड असतो आणि गळला तर तळाशी बिल्जमध्ये साचतो. म्हणून सिलिंडर बाहेर उघडणारी मोरी असलेल्या स्वतंत्र कप्प्यात ठेवला आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहिले.

सुरक्षेच्या साधनांवर आमचा सर्वांत लांब वाद झाला. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळात १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले. २४ नौका सोडून दिल्या गेल्या आणि त्यांपैकी १९ नंतर परत मिळवता आल्या. तरंगती नौका सोडून तराफ्यात उतरण्याची घाई करू नये, हा त्यातून घेतलेला धडा मान्य करूनही तराफा कुठे ठेवायचा हा प्रश्न उरतोच. अखेर तो दोघांपैकी कोणा एकालाही ढकलता येईल अशा जागी, मागच्या बाजूला बसवला. ४०६ मेगाहर्ट्झवर संकटसंदेश पाठवणाऱ्या यंत्राची नोंदणी आणि बॅटरीची मुदत तपासली. लाइफ जॅकेट तोंडाने फुगवून रात्रभर ठेवली; सकाळी एक मलूल पडले होते, ते टाकून दिले. डेकवर पुढे जाताना कमरेची दोरी अडकवायच्या पट्ट्या उन्हाने कमजोर होतात, त्या वरून बऱ्या दिसत असूनही नव्या घेतल्या.

नौका पाण्यात उतरवल्यावर लगेच न निघता, हवामानाचा अंदाज जरा खराब असलेली रात्र निवडून चाचणीसाठी बाहेर पडलो. धक्क्यावर पाण्याचा फवारा मारून तपासलेले डेकवरचे पुढचे झाकण लाटेखाली आल्यावर गळले. डब्यांचे कप्पे कलत्या नौकेत उघडले. तिसरा रीफ घेताना दोर बूमच्या, म्हणजे मुख्य शिडाच्या खालच्या आडव्या काठीच्या, टोकाला घासत होता. रात्रभरात त्याचे वरचे कवच विस्कटले, म्हणजे सफरीत तो आठवडाभरही टिकला नसता. त्या जागी कप्पीचा कोन बदलला. नव्या तारा पहिल्या ताणात थोड्या वाढतात, त्या पुन्हा आवळल्या आणि प्रत्येक पिनेचे पाय वाकवून त्यावर टेप गुंडाळला. रडारची तार डोलकाठीच्या पोटात कुठेतरी तुटत होती आणि डोलकाठी पुन्हा उतरवल्याशिवाय तिथे हात पोहोचणार नव्हता. ते यंत्र काढून धक्क्यावरच ठेवले आणि जहाजांवर लक्ष ठेवण्यासाठी एआयएस, म्हणजे जवळच्या जहाजांची जागा रेडिओवरून कळवणारी यंत्रणा, आणि पाळीपाळीचा पहारा यांवर भिस्त ठेवली.

समुद्रावर गेल्यानंतर देखभाल थांबत नाही, तिचे फक्त माप लहान होते. रोज उजाडताच आमच्यापैकी एक जण डेकवरून फेरी मारतो, आणि त्या फेरीत नजर आधी वर नसते, खाली असते. डेकवर एखादी पिन, नट किंवा तुटलेला धातूचा धागा सापडला, तर तो वरूनच पडलेला असतो. तो कुठून पडला हे कळेपर्यंत त्या दिवशी दुसरे कोणतेही काम हाती घेतले जात नाही.